थडग्याचा ठावठिकाणा : नोंदवही, नकाशा आणि शोध

(नगरपालिकांच्या अभिलेख कक्षांत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या एका प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना थोडे नवल वाटले असेल. पाणीपुरवठा, रस्ते, घरपट्टी, जन्ममृत्यूची नोंद हे आपले नेहमीचे विषय. दफनभूमीतील थडग्यांचा नकाशा संगणकावर कसा करावा आणि घरबसल्या कोणालाही आपल्या माणसाची जागा त्यात कशी शोधता यावी, या विषयावर एखाद्या माहिती अधिकाऱ्याने बोलावे हे जरा वेगळे खरेच. परंतु मृतांच्या अंत्यविधीसाठी जागा राखणे व तिचे नियमन करणे हे महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम, 1965 अन्वये नगरपालिकेच्या आवश्यक कर्तव्यांपैकी एक आहे. आणि ज्या जागेचे नियमन करावयाचे, तिच्यात कोठे काय आहे हे ठाऊक असणे ही त्या कर्तव्याची पहिली पायरी होय.

दफनाचा प्रश्न एखाद्याच समाजाचा आहे असेही कोणी समजू नये. मुसलमान व ख्रिस्ती बांधवांची दफनभूमी आपण सारे जाणतो. परंतु लिंगायत समाजाची रुद्रभूमी आहे, नाथपंथी व गोसावी यांच्या समाध्या आहेत, कोकणातील बेने इस्रायल समाजाची जुनी दफनस्थाने आहेत, आणि हिंदू कुटुंबांतही अगदी तान्ह्या बालकाला मातीच देतात. थोडक्यात, हा विषय साऱ्या गावाचा आहे.

एक चिठ्ठी

या विषयाकडे मी कसा वळलो ते आधी सांगतो. मी कला शाखेचा पदवीधर. संगणकाशी माझा संबंध बातमीपत्रक तयार करण्यापुरताच. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी कामानिमित्त गेलो असता नगरपालिकेच्या कचेरीत एक सेवानिवृत्त शिक्षिका बसलेल्या दिसल्या. त्यांच्या हातात घडी पडून पडून चार तुकडे होऊ घातलेली एक चिठ्ठी होती. त्या दोन वर्षांच्या असताना त्यांची आई वारली. वडिलांनी मरण्यापूर्वी लेकीसाठी लिहून ठेवले होते : ‘फाटकातून आत आल्यावर सहावी ओळ, कडुनिंबापासून तिसरी जागा.’ आईच्या थडग्यावर दगड बसविण्याची ऐपत त्या काळी घरात नव्हती. आता लेकीला तो बसवावयाचा होता.

आम्ही दफनभूमीत गेलो. कडुनिंब नव्हता. फाटक रस्तारुंदीत मागे सरकले होते. ओळी होत्या, पण पहिली कोणती ते कोणी सांगेना. तेथील राखणदाराला प्रत्येक थडगे तोंडपाठ होते असे सगळे म्हणाले; परंतु तो दोन वर्षांपूर्वीच निवर्तला होता. चर्चमध्ये दफनाची नोंदवही मिळाली. तीत आईचे नाव होते, दिनांक होता, विधी करणाऱ्या पाळकांची सही होती. जागेचा रकानाच नव्हता. नगरपालिकेत नगरभूमापनाचा नकाशा मिळाला. त्यात ती संपूर्ण दफनभूमी एकाच क्रमांकाचा एक चौकोन म्हणून दाखविली होती. मृत्यूच्या दाखल्याने मृत्यू सांगितला, थडगे कोठे ते सांगितले नाही.

बाई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, आई कागदावर आहे आणि जमिनीतही आहे. मधला दुवा तेवढा हरवलाय.”

मित्रहो, आजच्या माझ्या व्याख्यानाचा सारा आशय या एका वाक्यात आहे. नोंदवही आणि जमीन यांच्यामधला हा दुवा जोडणे, एवढेच ऑनलाइन नकाशा-शोधाचे काम.

सात-बारा आणि नकाशा

आपल्या लोकांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. शेतजमिनीच्या बाबतीत आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आलो आहोत. सात-बारा सांगतो की जमीन कोणाची. भूमापनाचा नकाशा सांगतो की ती कोठे. आणि दोहोंना बांधून ठेवतो तो गटक्रमांक. गटक्रमांक पुसून टाका. सात-बारा म्हणजे नुसती नावांची यादी उरेल आणि नकाशा म्हणजे नुसत्या रेघा उरतील. दफनभूमीत नेमका हाच क्रमांक आपण दिलेला नसतो.

ज्यांनी तो दिला, त्यांचे काम पाहावयास फार दूर जावे लागत नाही. पुण्याजवळ खडकी येथे युद्ध स्मशानभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या आणि पश्चिम व मध्य भारतात ठिकठिकाणी पुरल्या गेलेल्या ज्या सैनिकांच्या थडग्यांची कायमची निगा तेथे राहणे अशक्य होते, त्यांचे अवशेष येथे आणण्यात आले. त्या युद्धातील 1,668 जणांची येथे नोंद आहे. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोग ही संस्था तिची व्यवस्था पाहते. 1917 साली स्थापन झालेल्या या आयोगाकडे दोन्ही महायुद्धांतील सुमारे 17 लाख मृतांची जबाबदारी असून त्यांची थडगी व स्मारके दीडशेहून अधिक देशांत पसरलेली आहेत.

या आयोगाची पद्धत साधी आहे. स्मशानभूमीचे भाग पाडावयाचे, भागात ओळी, ओळीत थडगी. प्रत्येक थडग्याला भाग, ओळ व क्रमांक असा तीन पदरी पत्ता. त्या पत्त्यासह नावांची वर्णानुक्रमे नोंदवही आणि सोबत आराखडा. संगणक येण्याच्या कितीतरी आधी, नातेवाईक नोंदवहीत नाव शोधी, पत्ता वाची आणि थेट थडग्यापाशी जाऊन उभा राही. 1998 मध्ये आयोगाने आपली नोंदवही आंतरजालावर खुली केली, तेव्हा त्याला नवे काही शोधावे लागले नाही. कागदावर जे शिस्तीने होते तेच पडद्यावर आले. ज्याचा कागद नीट, त्याचा संगणक नीट, हा खडकीचा पहिला धडा होय.

आर्लिंग्टनचा अनुभव

कागद नीट नसेल तर काय होते, हे अमेरिकेतील आर्लिंग्टन राष्ट्रीय स्मशानभूमीने दाखवून दिले. वॉशिंग्टनजवळील ही भूमी 1864 पासून वापरात असून तेथे चार लाखांहून अधिक सैनिक व त्यांचे कुटुंबीय विसावले आहेत. अशा मानाच्या स्थानी तरी सारे चोख असेल अशी कोणाचीही समजूत होईल. परंतु जून 2010 मध्ये तेथील सैन्याच्या महानिरीक्षकांचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. स्मशानभूमीच्या अवघ्या तीन विभागांच्या तपासणीत नकाशा, नोंद व प्रत्यक्ष थडगे यांत 211 ठिकाणी विसंगती आढळली होती. नकाशात रिकाम्या दाखविलेल्या जागी थडगे होते. नकाशात भरलेल्या जागी दगड नव्हता. कारभार कागदी कार्डांवर आणि कागदी नकाशांवर चालत होता. संगणकीकरणावर त्यापूर्वीच लाखो डॉलर खर्च झाले होते, तरी वापरण्याजोगी प्रणाली उभी राहिली नव्हती.

डिसेंबर 2010 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून प्रत्येक थडग्याचा हिशेब एका वर्षात मागितला. मग सैन्याने जे केले ते आपण लक्षपूर्वक पाहावे असे आहे. त्यांनी आधी आज्ञावली विकत घेतली नाही. 2011 च्या उन्हाळ्यात सैनिकांच्या तुकड्या रात्रीच्या वेळी हातात मोबाइल घेऊन ओळीओळीने हिंडल्या आणि त्यांनी प्रत्येक दगडाचे छायाचित्र घेतले. दुसरीकडे जुनी कार्डे व कागदपत्रे संगणकावर आणली गेली. नंतर दगड आणि कागद यांचा एकेक करून मेळ घालण्यात आला.

डिसेंबर 2011 च्या अहवालात एकूण 2,59,978 जागांची गणना झाली. त्यांपैकी 1,95,748 जागांचा मेळ पहिल्या फेरीत बसला. 64,230 जागांचा बसला नाही. म्हणजे चौथ्या हिश्शाच्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या. मेळ न बसणे म्हणजे माणूसच चुकीच्या जागी पुरला असे मात्र नव्हे. नावातील एखादे अक्षर किंवा तारखेतील एखादा अंक चुकला तरी नोंद अडते. ही छाननी केल्यानंतर, ऑक्टोबर 2012 मध्ये, आर्लिंग्टनने आपला नकाशा-शोध लोकांसाठी खुला केला. त्यात नाव टाकले की थडग्याचे स्थान, दगडाचे छायाचित्र आणि तेथपर्यंतची वाट दिसते. आधी मोजणी, मग मेळ, मग नकाशा, शेवटी संकेतस्थळ, हा क्रम आपण मनाशी पक्का करावा. हा क्रम उलटा केला की चुका नाहीशा होत नाहीत. त्या फक्त अधिक वेगाने लोकांपर्यंत पोहोचतात.

काम कसे उभारावे

आता आपल्या गावाकडे येऊ. दोन-तीन एकरांची एक दफनभूमी डोळ्यांपुढे आणा.

पहिले काम म्हणजे तेथील वडीलधाऱ्यांना बोलावणे. राखणदार, थडगी खणणारे, मशिदीचे किंवा चर्चचे विश्वस्त, समाजातील वृद्ध स्त्रिया यांच्या स्मरणात जे आहे ते प्रथम टिपून घ्यावे. कागद आणखी दहा वर्षांनीही तपासता येईल. ही माणसे तोवर थांबतील असे नाही.

दुसरे काम, भूमीचे भाग व ओळी ठरवून प्रत्येक जागेला कायमचा क्रमांक देणे. हा क्रमांक झाड, फाटक किंवा भिंत यांवर अवलंबून नसावा. आपण पाहिलेच की कडुनिंब तोडला जातो. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या जागेला देऊ नये. मोकळ्या जागांनाही क्रमांक द्यावा, कारण ‘येथे कोणी नाही’ हीसुद्धा एक नोंद आहे. तीच चुकली की पुढचा अनर्थ घडतो.

तिसरे काम छायाचित्रांचे. प्रत्येक दगडाचे समोरून एक, मागे मजकूर असल्यास मागून एक आणि शेजारच्या दोन थडग्यांसह एक. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे अधिक स्पष्ट उठून दिसतात. दगड खरवडू नये, त्यावर रसायन किंवा खडू लावू नये. दगडच नसेल तर मातीच्या उंचवट्याचे छायाचित्र घ्यावे. गरिबाच्या थडग्यावर दगड नसतो. म्हणून त्याची नोंदही नसावी, हा न्याय नव्हे.

चौथे काम नकाशाचे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हातातील मोबाइल आपले स्थान दाखवितो खरा, पण उघड्या आकाशाखालीही त्यात सुमारे पाच मीटरची चूक संभवते. झाडाखाली ती आणखी वाढते. दोन थडग्यांमधील अंतर पुष्कळदा एक मीटरही नसते. तेव्हा प्रत्येक थडग्यापाशी मोबाइल धरून अक्षांश-रेखांश टिपणे म्हणजे माणसाला शेजारच्या कुटुंबाच्या थडग्यापुढे नेऊन उभे करणे. यासाठी भूमापनाची साधने हवीत. स्वामित्व योजनेखाली 2020 पासून गावठाणांचे सर्वेक्षण ड्रोनच्या साहाय्याने होऊ लागले. ड्रोनची छायाचित्रे जमिनीवर अचूक मोजलेल्या खुणांशी जुळविली, की काही सेंटिमीटरच्या फरकाने बरोबर असणारा आडवा नकाशा तयार होतो. त्यावर प्रत्येक जागेचा आयत रेखाटून त्याला आपला कायम क्रमांक जोडावा. दाट झाडीखाली ड्रोनला दिसत नाही. तेथे फीत घेऊन मोजणे आलेच. क्यूजीआयएससारख्या मोफत आज्ञावलीत हे सर्व करता येते. महागडी खरेदी करण्याचे कारण नाही.

पाचवे काम नोंदवहीचे. प्रत्येक पानाची प्रतिमा काढून ठेवावी, आणि मजकूर दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी स्वतंत्रपणे संगणकावर उतरवावा. जेथे दोघांत फरक पडेल तेवढ्याच नोंदी तिसऱ्याने तपासाव्यात. मूळ वहीत जे आहे ते जसेच्या तसे एका रकान्यात आणि दुरुस्त केलेले दुसऱ्या रकान्यात. मूळ अक्षर पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

येथे संगणक तज्ज्ञांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. ‘जागा’ आणि ‘दफन’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकाच जागेत पती-पत्नी, किंवा काही वर्षांच्या अंतराने दुसरी व्यक्ती, विसावलेली असू शकते. जागेच्या टंचाईमुळे मोठ्या शहरांत जुन्या जागा पुन्हा वापरल्या जातात. म्हणून जागांची यादी वेगळी, दफनांची यादी वेगळी आणि दोहोंना जोडणारा कायम क्रमांक, अशीच रचना हवी. एका जागेला एकच नाव असे गृहीत धरून बांधलेली प्रणाली दुसऱ्या दफनाच्या दिवशी पहिल्याचे नाव खोडून टाकील.

नावांचा प्रश्न

शोधणारा माणूस नाव टंकतो. नाव सापडत नाही. आणि तो समजतो की आपले माणूस येथे नाहीच. हा धोका फार मोठा आहे. ‘डिसोझा’, ‘डिसूझा’, ‘डिसोजा’. ‘शेख’ आणि ‘शेक’. ‘शिवलिंगप्पा’ आणि ‘शिवलिंगाप्पा’. एकच व्यक्ती जुन्या वहीत रोमन लिपीत, तर दगडावर देवनागरीत किंवा उर्दूत. उच्चारावरून नावे जुळविण्याची एक पद्धत अमेरिकेत 1918 साली पेटंट झाली; परंतु ती इंग्रजी उच्चारांसाठी होती, आपल्या नावांना ती जशीच्या तशी चालत नाही. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद दुर्लक्षून, श-ष-स आणि ज-झ या जोड्या एक मानून, अनुस्वार व परसवर्ण समान धरून शोध घ्यावा लागतो. लग्नापूर्वीचे व नंतरचे नाव, घरात रूढ असलेले नाव, यांनाही जागा हवी. ज्यांना लोक हयातभर ‘बाबू मास्तर’ म्हणत होते, त्यांचे नाव त्यांच्या नातवालाही वहीत सापडावे, यासाठी हा खटाटोप आहे.

तारखांचेही तसेच. दगडावर हिजरी सन असेल, शक असेल, केवळ तिथी असेल. मूळ तारीख ठेवून तिच्याशेजारी इसवी सनाची तारीख द्यावी. आणि खात्री नसेल तेथे ‘सुमारे’ हा प्रामाणिक शब्द लिहिण्याची लाज बाळगू नये.

काय दाखवावे, काय दाखवू नये

लोकांसाठी खुल्या नकाशात मृताचे नाव, मृत्यूचा किंवा दफनाचा दिनांक, जागेचा क्रमांक, छायाचित्र आणि वाट एवढे पुरे. मृत्यूचे कारण, अर्ज करणाऱ्या नातेवाइकाचा पत्ता व दूरध्वनी हे खुले करू नये. एखाद्या कुटुंबाने नोंद झाकून ठेवण्याची विनंती केली, तर ती ऐकण्याची सोय असावी. चूक आढळल्यास कळविण्यासाठी एक खिडकी असावी, आणि कागदपत्र पाहिल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून नोंद बदलू नये. दफनभूमीच्या जागेवरून काही ठिकाणी वाद असतात. हा नकाशा मालकीचा पुरावा नव्हे, हे त्याच्यावर स्पष्ट लिहावे. आणि हे सारे त्या त्या समाजाच्या विश्वस्तांना बरोबर घेऊनच करावे. त्यांच्या श्रद्धेला जे मान्य नाही ते तंत्राला शक्य आहे म्हणून करू नये.

आणखी एक. ज्याच्या हातात मोबाइल नाही, त्यालाही आई शोधावयाची असते. म्हणून फाटकाशी आराखड्याचा फलक, कचेरीत छापील यादी आणि जमिनीवर ओळींचे छोटे दगड हवेतच. संगणक बंद पडला तरी दफनभूमी वाचता आली पाहिजे.

नाव आणि आकडा

शेवटी, हे सारे कशासाठी, हा प्रश्न उरतो. सातारा, रत्नागिरी या भागांतील कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाच्या आठवणीचे संगमरवरी फलक आहेत. या गावातून इतके लोक युद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले, असा त्यांचा मजकूर. आकडे आहेत, नावे नाहीत. मेसोपोटेमियात कूत येथील वेढ्यात 103, 110 व 117 या मराठा पलटणी होत्या. त्या आघाडीवर मृत्यू पावलेल्यांचे बसरा येथील स्मारक 1929 मध्ये उभे राहिले. तेथे इंग्रज शिपायाचे नाव कोरले गेले, परंतु सामान्य हिंदी शिपाई पलटणीपुढील एक संख्या झाला. युद्धस्मशान आयोगाने नेमलेल्या विशेष समितीने 2021 च्या आपल्या अहवालात या विषमतेची कबुली दिली, आणि आयोगाने त्याबद्दल क्षमा मागितली. शंभर वर्षांनी क्षमा मागता येते, यादीही करता येते. पण त्या शिपायाच्या मुलीला, ती हयात असताना, भिंतीवर बोट ठेवून ‘हे माझे बाबा’ म्हणता आले नाही, ते आता भरून कसे येणार?

आपल्या हातून असे होऊ नये. आपल्या वहीतील रकाना रिकामा राहिला, तर उद्या कोणाचे तरी माणूस आकड्यात जमा होईल.

त्या शिक्षिकाबाईंचे काय झाले, असे आपण मनात विचारीत असाल. त्यांच्या आईची जागा आम्हाला निश्चित करता आली नाही. भिंतीकडून मोजावे तर एक ओळ सहावी ठरे, जुन्या फाटकाच्या खुणेवरून मोजावे तर दुसरी. बाईंनी दोन्ही ओळींच्या कडेने हळूहळू चालत जाऊन प्रत्येक थडग्यावर एकेक फूल ठेवले. दगड मात्र त्यांनी बसविला नाही. “दुसऱ्याच्या आईवर माझ्या आईचं नाव कसं घालू?” त्या म्हणाल्या.

नोंदीच्या अचूकतेविषयी याहून मोठा धडा मला कोणत्याही नियमपुस्तिकेत मिळालेला नाही. तो आपल्या स्वाधीन करून मी आपली रजा घेतो. आपापल्या गावी परतल्यावर दफनाची नोंदवही एकदा उघडून पाहा. तीत जागेचा रकाना नसेल, तर पट्टी घेऊन तो आजच आखा. नकाशा त्यानंतर होईल.